घराबाहेर ठेवलेला दुसरा फ्रीज

नवा फ्रीज घरात आला म्हणून जुना फेकून द्यायचा, ही चाल आपल्या लोकांत नाही. आत दिवा लागतो, मोटर चालते, मग टाकायचा कशाला? तो जातो मखसानमध्ये, मागल्या मिरपेसेतवर, नाही तर मोटार ठेवायच्या गॅरेजात. सणावारी त्याला भरपूर काम असते. पेसाहसाठी आणून ठेवलेले कोशेर मांस, नातवंडे येणार म्हणून आधीच केलेली कटलेटे, खवलेल्या नारळाचे पुडे, आणि हल्ली आपल्या वयाच्या घरांतून इन्सुलिनची पेनेसुद्धा. ह्या दुसऱ्या फ्रीजविषयी आज लिहावयाचे आहे. तो स्वयंपाकघरातल्या फ्रीजसारखा वागत नाही, आणि वागत नाही हे बाहेरून कळूही देत नाही.

विषय निघाला तो ओमानमधून. ठाण्याची आमची भाची आणि तिचे यजमान काही वर्षांपासून मस्कतजवळ अल हैल येथे नोकरीनिमित्त राहतात. त्यांचे पासपोर्ट भारताचे. आमचे तिकडे जाणे व्हायचे नाही, म्हणून सगळी विचारपूस फोनवरच. अल हैल हे सीब विलायतेतले समुद्रकाठचे उपनगर. मस्कतचा विमानतळ तिथून जवळ. मधून सुलतान काबूस महामार्ग जातो. त्याच्या समुद्राकडच्या अंगाला अल हैल उत्तर आणि आतल्या अंगाला अल हैल दक्षिण. भाचीच्या घराला पश्चिमेकडे तोंड असलेले, पत्र्याच्या शटरचे गॅरेज आहे, आणि त्यात देश सोडून गेलेल्या एका कुटुंबाकडून स्वस्तात घेतलेला फ्रीज.

तो तिला हवा होता सुरमईसाठी. ओमानमध्ये १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर ह्या दोन महिन्यांत सुरमई पकडण्यास बंदी असते. तिकडे ह्या माशाला कनअद म्हणतात. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागत आणि सुक्या मासळीवर दिवस काढावे लागत, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की आता सुकवण्याऐवजी गोठवतात. बंदीच्या आधी भाचीने तुकड्या करून फ्रीजरमध्ये रचल्या, उरलेल्या चार दिवसांसाठी खालच्या खणात ठेवल्या. मग एके दिवशी फोन आला, “मामा, फ्रीज रात्रंदिवस घरघरतोय, बाजूचे पत्रे हाताला चटका देतात, आणि पाण्याची बाटली धड गारही होत नाही.” एक मेकॅनिक येऊन गेला होता. गॅस संपला म्हणाला, पैसे घेऊन गॅस भरून गेला. आठ दिवसांत पुन्हा तेच.

येथे एक गोष्ट आधी सांगून टाकतो. फ्रीजमधला गॅस मोटारीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो, वीस वर्षे तोच. तो कमी झाला असेल तर नळी कुठेतरी गळते आहे, आणि गळती शोधून बुजवल्याशिवाय नुसता गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे. भाचीच्या फ्रीजला गळती नव्हतीच. त्याचे दुखणे निराळे होते, आणि ते समजायला फ्रीज गारवा कसा करतो हे थोडे पाहावे लागेल.

गावाकडचा मातीचा माठ आठवा. माठातून पाणी पाझरते, बाहेरच्या वाऱ्याने सुकते, आणि सुकताना माठाची उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार. फ्रीजमध्येही हेच चालते. आतल्या बाजूच्या नळ्यांत एक पातळ द्रव उडून त्याची वाफ होते आणि ती होताना आतल्या अन्नाची उष्णता ओढून घेते. माठाची वाफ हवेत निघून जाते. फ्रीजला मात्र ती पुन्हा वापरावयाची असते, म्हणून मोटर ती वाफ दाबते, दाबल्याने ती तापते, आणि पाठीमागच्या जाळीतून किंवा नव्या फ्रीजमध्ये बाजूच्या पत्र्यांतून ही उष्णता खोलीत सोडून ती पुन्हा द्रव होते. म्हणजे फ्रीज गारवा तयार करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, एवढेच त्याचे काम.

आता रहाटाकडे या. अलिबागेकडच्या वाड्यांत ज्यांनी रहाट चालताना पाहिला असेल त्यांना हे लगेच पटेल. विहीर उथळ असली तर बैल आरामात फिरतो, विहीर खोल असली तर तेवढेच पाणी काढायला त्याच्या तोंडाला फेस येतो. फ्रीजच्या आत ४ अंश हवेत आणि खोलीत २५ अंश असतील तर उष्णता २१ अंश वर चढवायची. खोलीत ४५ असतील तर चढ ४१ अंशांचा, जवळजवळ दुप्पट. त्यातच दाराच्या फटीतून आणि भिंतींतून आत शिरणारी उष्णताही दुप्पट. घागरी दुप्पट आणि विहीरही दुप्पट खोल, म्हणजे एकूण श्रम चौपटीच्या जवळ जातात. शिवाय ४५ अंशांच्या हवेत उष्णता सोडायची तर मागची जाळी त्याहून बरीच जास्त तापलेली असावी लागते, नाही तर उष्णता तिच्यातून बाहेर जाईलच कशी? बैल थांबत नाही, आणि पाणी तर पुरत नाही. भाचीच्या गॅरेजात हेच चालले होते.

उन्हाची कल्पना यावी म्हणून सांगतो. २६ जून २०१८ रोजी ओमानच्याच कुरय्यात ह्या किनाऱ्यावरच्या गावी रात्रीचे तापमानसुद्धा ४२.६ अंशांच्या खाली उतरले नाही. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांना काम लावायला तिकडे सरकारी बंदी आहे. माणसाला सुट्टी मिळते, फ्रीजला नाही. त्यात दुपारी बाहेरून आलेली तापलेली मोटार शटर ओढून त्याच्या शेजारी उभी करायची, म्हणजे चुलीशेजारी माठ ठेवण्यासारखे.

आम्ही भाचीला म्हटले, गॅस राहू दे, दार उघडून आतली पाटी वाच आणि फोटो पाठव. प्रत्येक फ्रीजच्या आत, बहुधा भाजीच्या खणाच्या बाजूला, किंवा मागे, एक लहानशी पाटी चिकटवलेली असते. तिच्यावर व्होल्ट, वॅट, गॅसचे नाव असे बरेच काही असते आणि त्यातच हवामानाचा वर्ग म्हणून एक-दोन रोमन अक्षरे. तीच पाहावयाची. नुसते ‘एन’ असेल तर तो फ्रीज १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी बनवलेला आहे. ‘एस-एन’ असेल तर १० ते ३२. ‘एस-टी’ म्हणजे १६ ते ३८, आणि नुसते ‘टी’ म्हणजे १६ ते ४३. दोन वर्ग जोडून लिहिले असतील, जसे ‘एस-एन’ ते ‘टी’, तर दोन्हींचा मिळून पल्ला, १० ते ४३. भाचीच्या पाटीवर होते नुसते ‘एन’. म्हणजे बिचाऱ्याला ३२च्या वर काम करायला कोणी शिकवलेच नव्हते. हा फ्रीज घरात, एअरकंडिशनरच्या खोलीत असताना वर्षानुवर्षे उत्तम चालला असणार. गॅरेजात आणल्यावर बिघडला असे सगळ्यांना वाटले, पण त्यात बिघाड असा काहीच नव्हता.

नीट पाहिले तर ‘टी’ वर्गसुद्धा ४३पाशीच थांबतो. उन्हाळ्यात पश्चिमेच्या पत्र्याआड तेही अपुरे.

आम्ही तिला एक थर्मामीटर आणायला सांगितले. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात तो बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवायचा. हवेचे तापमान दार उघडताच बदलते, पाण्याचे लवकर बदलत नाही, म्हणून ही युक्ती. खालच्या खणात निघाले १४ अंश. असावयास हवे ४ किंवा त्याहून कमी. बटण जास्तीत जास्त थंडावर फिरवून उपयोग नव्हता, कारण मोटर आधीच न थांबता चालत होती.

खालच्या खणात सुरमई होती, आणि ह्या गोष्टीत खरी काळजीची बाब हीच. ती टाकून दे असे आम्ही म्हटले तेव्हा भाचीला वाईट वाटले. “वास तर अजिबात नाही, मामा.” सुरमई, बांगडा, कुपा ह्या जातीच्या माशांच्या मांसात, मासा काही तास उबदार राहिला की जंतूंमुळे हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. त्याला वास असलाच पाहिजे असे नाही. तो तळून जात नाही, आमटीत उकळून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, डोके दुखते, अंगाला खाज सुटते, छाती धडधडते. तरुण माणूस बहुधा काही तासांत बरा होतो. हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रयोग करू नये. वासावरून चांगले-वाईट ठरवायला आपल्याला आईने शिकवले, आणि दुधाच्या बाबतीत तो नियम पुष्कळसा चालतोही; ह्या मासळीला मात्र लागू नाही. शिजवलेल्या मटणालाही तो पुरता लागू नाही. शिळे खाण्याचा कमीपणा आपल्याला कधी वाटला नाही. दरफळणीच्या दुसऱ्या दिवसाला वाडवडील ‘शिळा सण’च म्हणत. पण त्यांचे शिळे एका रात्रीचे असे. आपण फ्रीजवर विश्वास टाकून चौथ्या दिवशी खातो, म्हणून फ्रीज विश्वासाचा आहे की नाही हे पाहणे आले. साधा हिशेब असा, की शिजवलेले अन्न नेहमीच्या हवेत दोन तासांहून जास्त बाहेर राहू नये, आणि ३२ अंशांवरच्या उकाड्यात एकच तास. १४ अंशांचा खण हे बंद दाराचे कपाट समजावे.

भाचीने तुकड्या आतल्या घरातल्या फ्रीजरमध्ये हलवल्या, आणि गॅरेजातल्या फ्रीजमध्ये उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या आणि कांदे-बटाटे ठेवते. डिसेंबर ते फेब्रुवारी मस्कतची हवा १८ ते २६ अंशांच्या आसपास असते. त्या तीन महिन्यांत ‘एन’ पाटीचा तो फ्रीज पुन्हा शहाण्यासारखा चालतो. त्याला भिंतीपासून चार बोटे सोडून, शटरच्या उलट बाजूला, उन्हापासून दूर हलवला आहे. मागची जाळी दर दोन महिन्यांनी मऊ ब्रशाने साफ करायची असे ठरले आहे, कारण समुद्राची खारी हवा आणि वाळवंटाची धूळ ह्यांचा थर जाळीवर बसला की उष्णता अडकून राहते, आणि मीठ पुढे धातूही खाते. अश्दोदच्या वाचकांनी हे आपल्या मिरपेसेतलाही लावून पाहावे.

आता उलटी बाजू, म्हणजे थंडी. आपल्यापैकी बहुतेकांना हीच जास्त लागू आहे. दिमोना, येरुहाम, बेर शेवा येथे आपली पुष्कळ कुटुंबे आहेत, यरुशलाईममध्येही आहेत. जानेवारीच्या रात्री यरुशलाईममध्ये तापमान सरासरी ६-७ अंशांवर येते आणि मखसानला शेगडी कोणी लावीत नाही. लोकांना वाटते, बाहेर थंडी असली की फ्रीजला सोपे. खालच्या खणाला सोपे खरे. पण पुष्कळशा साध्या फ्रीजमध्ये मोटर एकच असते आणि तिला चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट बसवलेला असतो खालच्या खणात. मखसानमध्ये ५ अंश असतील तर खालचा खण आपोआपच ५ अंशांवर राहतो. थर्मोस्टॅट म्हणतो, सगळे ठीक आहे, आणि मोटरला झोपू देतो. वरच्या फ्रीजरला लागतात उणे १८ अंश, पण त्याची विचारपूस करणारा कोणी नाही. वर्गात पहिल्या बाकावरची मुले गप्प बसली की मागच्या बाकांवर काय चालले आहे ते बघायचेच नाही, असे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. रात्रभर फ्रीजर तापत जातो, मांस सुटते, पाणी सुटते. दिवसा ऊन पडते, मखसान १५ अंशांवर जाते, मोटर जागी होते, मांस पुन्हा गोठते. पेसाहच्या आधी तुम्ही पुडा काढता तेव्हा तो दगडासारखा घट्ट असतो. मधल्या काळात तो किती वेळा सुटून गोठला ते त्याच्या तोंडावर लिहिलेले नसते.

म्हणून नाणे ठेवावे. एका पेल्यात पाणी भरून फ्रीजरमध्ये गोठवा आणि बर्फावर दहा अगोरोतचे नाणे ठेवून द्या. पुढे केव्हाही पाहा. नाणे वरच असेल तर चिंता नाही. नाणे बर्फात खाली रुतलेले किंवा तळाला गेलेले दिसले तर मधे बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे, आणि मांसाचेही तसेच झाले आहे. तळाला गेलेल्या नाण्याच्या फ्रीजरमधले मांस आम्ही खाणार नाही.

हेच नाणे वीज गेल्यावरही उपयोगी. डिसेंबर २०१३मध्ये यरुशलाईमला मोठा बर्फ पडला तेव्हा कित्येक घरांची वीज गेली होती, ते पुष्कळांना आठवत असेल. दार न उघडता फ्रीजचा खालचा भाग सुमारे ४ तास धरतो. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. हे आकडे घरातल्या साधारण हवेचे आहेत. अल हैलच्या गॅरेजात उन्हाळ्यात इतकी मुदत मिळणार नाही. आणि घराबाहेरच्या फ्रीजची वीज गेलेली कळतच नाही, ही आणखी एक अडचण. ओलसर जागेत गळती ओळखणारा स्विच, ज्याला इथे ममसर पहात म्हणतात, तो एखाद्या रात्री पडतो आणि फ्रीज दोन दिवस बंद राहतो. म्हातारपणी रोज जिने उतरून बघायला कोण जाणार? निदान शब्बाथच्या आधी एक फेरी व्हावी. बारीक वायरची लांब एक्स्टेंशन ओढून फ्रीज चालवू नये; वायर तापते, आणि मोटर सुरू होताना तिला पुरेशी वीजही मिळत नाही.

थंड मखसानावर उपाय आहेत. काही कंपन्या थर्मोस्टॅटजवळ बसवायचा छोटा हीटर विकतात. तो थर्मोस्टॅटला फसवतो, खण उबदार आहे असे भासवतो, मग मोटर चालते. पूर्वी लोक ह्यासाठी खालच्या खणातला जुन्या पद्धतीचा दिवा लावून ठेवीत. नव्या एलईडी दिव्यांना ऊब नसल्याने ती युक्ती आता चालत नाही, आणि ती आम्हाला कधी आवडलीही नाही. नुसता फ्रीजरच हवा असेल तर वरून उघडायचा पेटीसारखा फ्रीजर बरा. त्याचा थर्मोस्टॅट फ्रीजरमध्येच असतो, त्यामुळे खोली थंड असली तरी तो फसत नाही. उणे १५ अंशांच्या गॅरेजातही चालेल असे लेखी सांगणारे फ्रीजर मिळतात. ही माहिती कॅनडातल्या आप्तांसाठी. त्यांच्याकडे साध्या फ्रीजच्या खालच्या खणातही बाटल्या गोठून फुटतात आणि मोटरमधले तेल थंडीने घट्ट होऊन ती सुरू होताना कण्हते.

इन्सुलिनबद्दल स्वतंत्र सांगावे लागेल. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. एकदा गोठले की ते निकामी, मग पुन्हा वितळून दिसायला पूर्वीसारखेच दिसले तरी. जास्त तापले तरी त्याचा जोर जातो. दोन्ही बाबतीत पेनाकडे पाहून काही कळत नाही. कळते ते साखर चढल्यावर, आणि तेव्हा डॉक्टरसुद्धा आधी तुम्हालाच विचारतात, काय खाल्ले? म्हणून इन्सुलिन घराबाहेरच्या फ्रीजमध्ये ठेवूच नये. स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये, मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता ठेवावे, कारण मागची भिंत कधी कधी शून्याच्या खाली जाते. चालू पेन बहुतेक प्रकारांत खोलीच्या हवेत सुमारे चार आठवडे चालते. आपल्या पेनाचे नक्की दिवस खोक्यातल्या कागदावर पाहावेत किंवा औषधाच्या दुकानात विचारावेत.

गॅरेजातल्या फ्रीजजवळ पेट्रोलचा डबा, रंगाचे थिनर, गॅसची नळकांडी ठेवू नयेत. पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते आणि थर्मोस्टॅट चालू-बंद होताना बारीकशी ठिणगी पडू शकते.

आणि जुना फ्रीज अखेर काढायचाच ठरला तर नव्याची ऑर्डर देतानाच जुना न्यायला सांगावे. इथे २०१२चा कायदा आहे, त्याप्रमाणे नवा विकणाऱ्याने तशाच प्रकारचा जुना परत घ्यावयास हवा. तो न्यायला येईपर्यंत रस्त्यावर किंवा जिन्याखाली एक रात्र जरी राहणार असेल तरी दार आधी काढून बाजूला ठेवावे. लपाछपी खेळणाऱ्या पोरांना आत शिरायला वेळ लागत नाही.